तळघरातल्या अक्का

अक्का, तुम्हाला बसवून आलो. आपल्या लिंगायतांत माती देतात ती बसवूनच, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझ्या वडिलांनाही तसंच दिलं होतं. तरी रुद्रभूमीत, आपल्या लोकांच्या दफनभूमीत, तुम्हाला खाली उतरवताना मला बघवेना. मांडी घातलेल्या, कपाळभर विभूती, मान एका बाजूला कललेली. स्वामी मंत्र म्हणत होते, बायका पदराला डोळे पुसत होत्या, आणि मला रडू येण्याऐवजी राग येत होता. ह्यांना परत खालीच ठेवताय का रे, असं ओरडावंसं वाटत होतं. ओरडले असते तर धाकट्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते. म्हणून तिथं गप्प बसले आणि इथं लिहिते आहे.

समाजाच्या मासिकात छापायला भाऊजींनी, म्हणजे तुमच्या मालकांनी, तुमची माहिती दिली. मी वाचली. माहेर निपाणी, शिक्षण बी.एस्सी., धार्मिक वृत्ती, आल्यागेल्याचं अगत्य. धार्मिक वृत्ती वाचून मला हसू आलं. सोमवारचा उपवास असताना दोघींनी जिन्याच्या आड उभं राहून भडंग खाल्लं होतं आणि वरून तुम्हीच मला, 'देवाला गणित येत न्हाई, मोजत बसत न्हाई तो,' म्हणाला होता. असो. त्या माहितीत तुमच्या क्लासबद्दल एक अक्षर नाही. इतकी वर्षं आपल्या घराखाली पोरं गणित शिकत होती, अर्ध्या राजारामपुरीला ठाऊक आहे, पण घरच्यांच्या लेखी ते घडलंच नाही.

तुम्ही आधी हॉल मागितला होता, हेही आता कुणाला आठवत नाही. मला आठवतं, कारण मी नुकतीच लग्न होऊन आले होते आणि या घरात कोण कुणाला काय बोलू शकतं याचा अंदाज घेत होते. दुपारी हॉल रिकामाच असतो, तिथं शाळेतल्या चार पोरांची शिकवणी घेते, एवढंच तुम्ही म्हणालात. आत्याबाईंनी, आपल्या सासूबाईंनी, सोफ्याचं कव्हर सारखं करत विचारलं, "आणि पावणं आलं तर कुठं बसवायचं? पोरांच्या मांडीवर?" भाऊजींनी पेपरातून मानही वर काढली नाही. "तळघर हाय की. तिथं काय करायचं ते कर."

रस्ता उंच आणि मागं उतार, म्हणून घर बांधताना खाली ते तळघर निघालं होतं. आपल्या पाइपांच्या दुकानातली फुटकी खोकी, मोडकी सायकल आणि डोक्यावर सगळ्या घराचे पाइप, एवढंच तिथं होतं. वर कुणी अंघोळ केली की खाली आवाज, कुणी संडासात पाणी टाकलं की खाली आवाज. मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. मी तर तुम्हाला म्हटलंही, "अक्का, भांडा की. हॉल काय त्यांच्या एकट्याचा हाय काय?" तुम्ही खोकी बाहेर काढायला लागला होता. "भांडून हॉल मिळंल गं, पण रोज भांडून शिकवायचं कसं?"

खोकी निघाली, चुना झाला, फळा आला, तेव्हा आत्याबाई जिन्याच्या निम्म्यापर्यंत उतरल्या आणि वर बघून थबकल्या. "वरनं संडासचा पाइप आणि खाली सरस्वती? माझ्या घरात असलं न्हाई चालायचं." तुम्ही फळा पुसता पुसता विचारलंत, "पाइप दिसला न्हाई तर चालंल?" त्यांनी जरा विचार केला. "दिसला न्हाई तर मग काय."

अशी त्या छताची गोष्ट सुरू झाली. शहाण्णव-सत्त्याण्णवचं साल असेल. तेव्हा नव्या बँका, दवाखाने यांत तसली छतं दिसायला लागली होती. स्लॅबला तारा लोंबकळवायच्या, तारांना पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी अडकवायची आणि जाळीच्या चौकोनांत पांढऱ्या हलक्या टाइल ठेवायच्या. टाइल नुसत्या ठेवलेल्या असतात. पाइपाचं काही काम निघालं तर एक उचलायची, काम करायचं, परत ठेवायची. घरात तसलं छत मी कुणाकडं बघितलं नव्हतं. तुम्ही तुमचे माहेरचे पैसे घातलेत आणि चंदगडकडचा एक फिटर गाठलात.

"पावणं, शाळा सुरू व्हायच्या आत झालं पायजे बघा," तुम्ही त्याला बजावलंत. "व्हतंय की वैनी, काय काळजी करू नका," तो म्हणाला. त्यानं लांब नळीत पाणी भरून भिंतीवर लेवलच्या खुणा केल्या, चारी भिंतींना पट्ट्या ठोकल्या, तारा सोडल्या, एक कोपरा करून दाखवला. आणि तिकडं चंदगडला पाऊस लागला. रोप लावून येतो म्हणून एसटीत बसला तो त्या हंगामात काही परत आला नाही. शाळा तोंडावर. तुम्ही त्या कोपऱ्याकडं कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलात आणि मला म्हणालात, "शोभा, ह्यात अवघड काय हाय गं? चौकोनच हाईत की."

पुरुष दुकानात आणि आत्याबाई झोपलेल्या, अशा दुपारी आपण दोघींनी ते छत लावलं. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं मला काही आवडलेलं नाही. लग्नात नटले होते तेही नाही. टेबलावर स्टूल, स्टुलावर तुम्ही, पदर खोचलेला, आणि मी स्टूल धरून. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणायची, पट्टी दोरीला लागते का बघायचं, नाही लागली तर तारेला पीळ द्यायचा. टाइल तिरकी करून चौकोनातून वर घालायची, वर गेली की आडवी करायची आणि अलगद खाली टेकवायची. सांगायला सोपं. वर बघून बघून मान अशी अवघडायची की संध्याकाळी भाकरी थापताना दोघींचीही तोंडं भिंतीकडं. उचलताना तुम्ही कानडीत मोजायचात, "ओंदु, एरडु, मूरु," आणि तिसऱ्याला मी ढकलायची. कडेच्या टाइल कापायला आपल्याकडं काही नव्हतं, तर तुम्ही स्वयंपाकघरातली विळी खाली आणलीत. मी म्हटलं, आत्याबाई आपल्यालाच चिरतील. तुम्ही पाटावर बसून भोपळा चिरावा तशी ती टाइल चिरलीत. संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "विळीला धार कशी न्हाई गं आज?" आणि आपण एकमेकींकडं बघायचंही टाळलं.

शेवटची टाइल बसली आणि तुम्ही ट्यूबलाइट लावलीत. पाइप गेले होते. पांढरं, सपाट, एका रेषेत. तुम्ही खाली फरशीवर आडव्या झालात आणि वर बघत राहिलात. मीही तुमच्या शेजारी पडले. वर आपलं घर होतं, आत्याबाईंच्या पायांचा आवाज येत होता, पण दिसत काहीच नव्हतं. या घरात माझ्या मालकीचं काही आहे असं मला त्या दिवशी वाटलं. तुम्हालाही वाटलं असणार, कारण तुम्ही माझा हात धरला होता. जावा हात धरून पडत नाहीत, अक्का. मी ते कुणाला सांगितलं नाही.

पोरं आली. पहिल्या वर्षी मोजकी, मग दोन तुकड्या करायला लागल्या. मागच्या रांगेत मला बसवलंत. मी दहावीला गणितात नापास झाल्यावर माझं लग्न लावून दिलं होतं, हे तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत आणि बाहेरून परीक्षेला बसायचा माझा सतरा नंबरचा फॉर्म भरून आलात. पोरांच्यात बसायची लाज वाटायची. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "काकीला येत न्हाई, तुला तरी येतंय काय?" मी पास झाले. पेढे आणले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता काय कलेक्टर व्हणार हाय काय?" तुम्ही त्यांच्या हातावर दोन पेढे ठेवलेत आणि म्हणालात, "एक पास झाल्याचा, एक कलेक्टर झाल्यावरचा आत्ताच घ्या." तुमच्यासारखं बोलायला मला कधी जमलं नाही. मी चिडायची, आदळआपट करायची. तुम्ही हसून पुढं जायचात आणि मला तुमचाच राग यायचा.

त्या पापडाच्या दिवशीही तुम्ही हसलात. प्लंबरनं एकदा टाइल उचलून पाइपाचा सांधा बघितला, ते आत्याबाईंनी बघितलं. टाइलच्या वर हातभर मोकळी जागा! आपल्या माणसांना डोक्यावर रिकामी जागा दिसली की तो माळाच. त्यांनी दुकानातल्या गड्याला हाताशी धरून वर्षाचे पापड, सांडगे, गौरीचा मुखवटा, जुनी पातेली, सगळं त्या टाइलवर चढवलं. आपल्याला पत्ता नाही. अपूर्णांक चालू होते. आधी एक टाइल पोटासारखी फुगली, मग डबा खाली आला, पोरांच्या वह्यांवर पापडच पापड. दैव बरं, पातेली भिंतीकडं अडकली. पोरांनी पापड गोळा करून दप्तरात भरले. तुम्ही हसत हसत म्हणालात, "सांगा, एका पापडाचे चार तुकडे पडले, त्यातले तीन पोरांनी उचलले, मागं किती?" आत्याबाई वरून विचारत होत्या, पापड फुटले का. कुणाचं डोकं फुटलं का, असं त्यांनी विचारलं नाही. तेव्हा मी भांडले. तुम्ही माझ्या दंडाला धरून मला गप्प केलंत.

मग तो पाइप गळायला लागला. घरात पाइपांचं दुकान आणि आपल्या डोक्यावर गळका पाइप! भाऊजींना सांगितलं की ते म्हणायचे, "बघतो रविवारी." किती रविवार गेले. पावसाळ्यात मागच्या भिंतीची ओलही आत यायची. पांढऱ्या टाइलवर तपकिरी कडी उमटायची, टाइल खाली झुकायची, मग तिच्यावर काळे ठिपके. तुम्ही ती काढून दुसरी बसवायचात. आधी माझ्याबरोबर, ओंदु एरडु म्हणत. नंतर मला पोटुशी असताना चढू दिलं नाहीत आणि एकट्याच चढायला लागलात. टाइल उचलली की वरची सगळी बुरशी तुमच्या तोंडावर. खोकत खाली उतरायचात आणि फळ्याकडं वळायचात.

तुमचा आवाज आधी बसला, मग दम लागायला लागला. आत्याबाईंनी पहिल्या दिवसापासून सांगून टाकलं, "तिच्या माहेरचं दुखणं हाय ते. तिच्या आईलाबी दमा होता." लग्न ठरवताना सांगितलं नाही, हेही वर जोडलं. घरात तेच रूढ झालं. पाहुणे आले की त्यांना तेच सांगितलं जायचं आणि तुम्ही चहा देत उभ्या असायचात.

दवाखान्यातली ती सकाळ मी विसरू शकत नाही. मी हट्टानं बरोबर आले होते. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुठं ओल आहे का? भाऊजी म्हणाले, "न्हाई हो, आमचं घर एकदम कोरडं हाय." मी म्हटलं, "तळघरात हाय. भिंतीला हाय, छताला हाय, आणि ह्या रोज तिथंच असतात." डॉक्टरांनी तुमच्याकडं बघितलं. आणि तुम्ही, अक्का, तुम्ही हसून म्हणालात, "ते आता वापरात न्हाई, डॉक्टर." डॉक्टरांनी तोंडात मारायचा दम्याचा फवारा लिहून दिला.

भाऊजी तिथून दुकानाकडं गेले आणि आपण रिक्षात बसलो. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. मरायचंय काय, म्हटलं. तुम्ही खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी भाऊजींना चार शब्द सुनावले असते, पाइप दुरुस्त झाला असता, हॉल मिळाला असता. तुम्ही म्हणालात, "काय मिळालं नसतं. क्लास बंद कर म्हटले असते, एवढंच. घरात बसून विश्रांती घे म्हटले असते." मी म्हटलं, "मग घ्या की विश्रांती. खाली श्वास घ्यायला येत न्हाई तुम्हाला." रिक्षा सिग्नलला थांबली होती. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "खाली दम लागला की कळतं तरी, शोभा. वर तेबी कळत न्हाई."

सिग्नल सुटला. घर आलं आणि भांडण तिथंच राहिलं. नंतर मी ते किती वेळा मनात पुढं नेलं. प्रत्येक वेळी मी जिंकते आणि तुम्ही वर येऊन राहता. प्रत्यक्षात तुम्ही त्या संध्याकाळी खाली गेलात, कारण दहावीची तुकडी होती.

या पावसाळ्यात तुम्ही खाली जायचं थांबवलंत ते जिना उतरता येईना म्हणून. पोरांना जिन्यात बसवून वरच्या पायरीवरून शिकवायला लागलात. एक वाक्य, मग दम. एक वाक्य, मग दम. मग तेही संपलं. दवाखान्यात तुमच्या नाकाला नळी होती आणि तुम्ही बोटांनी चादरीवर काहीतरी लिहीत होता. मी जवळ गेले. आकडे होते की नुसतीच बोटं हलत होती, मला कळलं नाही. मला तुम्हाला सांगायचं होतं की तुम्ही नसतात तर मी या घरात कपाट, पलंग यांसारखी एक वस्तू होऊन राहिले असते. सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात भाऊजी आत आले, म्हणून मी पाणी हवंय का विचारलं. शेवटचं बोलणं आपलं पाण्यावर झालं.

तुमचा मुलगा पुण्याहून आला, दिवस झाले, गेला. आठवी-नववीच्या दोन पोरींच्या आया येऊन गेल्या. "आता तुम्हीच घ्या की काकी, क्लास बंद नका पाडू." दहावीपुरतं गणित तुम्ही माझ्याकडून घोकवून घेतलंत, ते माझ्या अंगात कधी मुरलं नाही. छत लावायला मला येतं, पोरांना शिकवायला येत नाही. मी त्यांना दुसऱ्या क्लासचा पत्ता दिला. त्यातली एक पोरगी दारात उभी राहून मोठ्यानं रडायला लागली आणि तिच्या आईनं तिला ओढत नेलं. तुमच्यासाठी मोठ्यानं रडलेलं मी तेवढंच बघितलं.

आणि आता तळघरात दुकानाचा माल येतोय. मालाला ओल चालत नाही म्हणून भाऊजींनी तो पाइप एका सकाळीत बदलून घेतला. एका सकाळीत, अक्का! लांब पाइप उभे ठेवायला उंची लागते, म्हणून छत काढायचं ठरलं. गडी येतील आणि सळईनं पाडतील, असं भाऊजी जेवताना म्हणाले. मी म्हटलं, "कुणी यायचं न्हाई. मी काढतो." आमचे हे म्हणाले, तुला काय येतंय त्यातलं. यांनाही कधी कळलं नाही की ते आपण लावलं होतं. सगळ्यांना अजून वाटतं, चंदगडचा फिटर करून गेला.

काल दुपारी काढलं. टेबल, स्टूल, स्टूल धरायला कुणी नाही. टाइल वर उचलायची, तिरकी करायची, खाली घ्यायची. मोजायला लागले आणि एरडुवरच थांबले, मग न मोजताच काढत राहिले. कोरड्या कोपऱ्यातल्या अजून पांढऱ्या आहेत. पाइपाखालच्या वरून काळ्याकुट्ट, हात लावला की भुगा. तुम्ही यातल्या किती काढल्यात, किती घातल्यात, कुणाला न सांगता. पट्ट्या सोडवल्या, तारा कापल्या. परत वर पाइप, खाली फरशी. आपण दोघी कधी इथं होतो याचं काही उरलेलं नाही, आणि मी इथं लिहितेय तेही कुणी छापणार नाही. मला आशा-बिशा काही वाटत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शोभा, एवढं काय त्यात. एवढंच होतं, अक्का. माझ्याकडं एवढंच होतं.

खोकत वर आले. डोळ्यांत धूळ, घशात धूळ, केस पांढरे. आत्याबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, उठून स्वतः तांब्याभर पाणी दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पाणी दिल्याचं मला आठवत नाही. आणि मायेनं म्हणाल्या, "अगं, तोंडाला पदर तरी बांधायचास की. ती बुरशी छातीत बसतीया माणसाच्या. थोरलीचं बघितलंस न्हवं?"

आणि परत मेथी निवडायला लागल्या.

अक्का, त्यांना ठाऊक होतं.